नोट खरी, चिठ्ठी भलतीच

साडेतीन तारे. दीड कापलाय, त्यातला एक चिठ्ठ्यांसाठी आणि अर्धा प्लास्टिकच्या पाकिटांसाठी. कारणं खाली येतीलच. पण आधीच सांगून टाकते, गेली चार वर्षं मी महिन्यातून एकदा तरी या जुन्या नाण्या-नोटांच्या दुकानात जाते आणि पुढेही जाणार आहे. तेव्हा हा राग गिऱ्हाइकाचा कमी आणि घरच्या माणसाचा जास्त आहे.

दुकानाचं नाव लिहीत नाही. तक्रारी आहेत, आणि माणूस रोजच्या नजरेसमोरचा आहे. बेळगावात जुन्या नाण्या-नोटांचा धंदा करणारे बोटावर मोजण्याइतकेच. खडेबाजारात चौघांना विचारलंत तर पाचवा बरोबर बोळात नेऊन सोडेल. पूर्वी तिथे घड्याळं दुरुस्त व्हायची. भिंतीवर अजून तीन बंद घड्याळं तीन वेगळ्या वेळा दाखवतात. दोन काचेची कपाटं, एक उंच स्टूल, आणि ज्याच्या पायाला कायम पुठ्ठ्याची घडी लावलेली असते असं टेबल.

दुकान चालतं ते राणीछाप रुपयांवर. दिवाळीच्या आधी लक्ष्मीपूजनाला चांदीचा रुपया न्यायला बायकांची रीघ लागते. बाकी वर्षभर शिवराई, आदिलशाही तांब्याचे पैसे, भोकाचा पैसा, आणि गोवा जवळ असल्यामुळे पोर्तुगीजांच्या नोटा. पण मी जाते ती टेबलाखालच्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यासाठी. त्यावर मार्करने ‘कॅम्प’ एवढंच लिहिलंय. बेळगावात कॅम्प म्हटलं की कँटोन्मेंट. आमचे हे अजून विचारतात, “आज कॅम्पातून काय आणलंस, पाव की नोटा?” तर हा कॅम्प म्हणजे युद्धकैद्यांची छावणी, आणि डब्यात असतात त्या छावण्यांमध्ये चालणाऱ्या नोटा, कुपनं, टोकन. जमवणारे त्याला कॅम्प मनी म्हणतात.

मी या नादाला लागले ती आजोबांमुळे. आईचे वडील, खानापूर तालुक्यातले, मराठा पलटणीच्या दुसऱ्या बटालियनमध्ये लान्स नाईक. या बटालियनला पलटणीत ‘काली पांचवी’ म्हणतात. जून १९४२ मध्ये ती लिबियातल्या टोब्रुकला होती, अकराव्या हिंदी ब्रिगेडमध्ये, गुरखे आणि कॅमेरॉन हायलँडर्स यांच्याबरोबर. जर्मन सेनापती रोमेलने २० तारखेला त्याच बाजूने घाव घातला आणि २१ जूनला टोब्रुक पडलं. ते सांभाळायला दिलेला दक्षिण आफ्रिकेचा जनरल क्लॉपर शरण गेला आणि तीस हजारांवर माणूस एका दिवसात कैदी झाला. आजोबा याबद्दल एकच वाक्य बोलायचे, “टोब्रुकात पाणी नव्हतं.” पुढचं विचारलं की तंबाखूची चंची काढायचे.

मामाच्या घरातली त्यांची हिरवी ट्रंक मी निवृत्त झाल्यावर उघडली. पे-बुकाच्या पानांत चार घड्या घातलेला एक कागद होता, सिगारेटच्या पाकिटापेक्षा थोडा लहान. जर्मन अक्षरं, ५० चा आकडा, मागची बाजू कोरी आणि त्या कोऱ्या बाजूवर जांभळा, अर्धा पुसलेला गोल शिक्का. मामा म्हणाला, “मिलिटरी कँटीनचं कूपन असेल.” मामा फार चुकला नव्हता.

एकतीस वर्षं बँकेच्या कॅश काउंटरवर बसलेय मी. नोट हातात आली की बोटं आधी बोलतात, डोळे नंतर. हा कागद नोटेचा वाटेना आणि तिकिटाचाही वाटेना. तो घेऊन मी पहिल्यांदा या दुकानात गेले.

मालक चाळिशीचा असेल. मी कागद पुढे केला तर त्याने आधी हात पुसले, मग चिमट्याने उचलला. इथेच मला माणूस आवडला. भिंग लावून बराच वेळ बघितल्यावर म्हणाला, “अक्का, ही विकूलालासा काय?”

“नाही.”

“मग बसा की. चहा सांगतो.”

विकायचं म्हणणाऱ्याला भाव मिळतो आणि नाही म्हणणाऱ्याला चहा. ही या दुकानाची रीत आहे आणि मला ती पटते.

त्याने सांगितलेलं आणि नंतर मी स्वतः ताडून पाहिलेलं असं : जर्मन सैन्याच्या मुख्यालयाने दुसऱ्या महायुद्धात सगळ्या कैद्यांसाठी एकाच नमुन्याच्या नोटा छापल्या. १, १० आणि ५० राइश्सफेनिग, आणि १, २, ५, १० राइश्समार्क, अशा सात. वर ठळक शब्द ‘क्रीग्सगेफांगेनन-लागरगेल्ड’, म्हणजे युद्धकैद्यांचा छावणीतला पैसा. खाली बारीक अक्षरांत अट : हा कागद फक्त कैद्यांनी, फक्त छावणीत किंवा कामाच्या तुकडीत, ठरवून दिलेल्या दुकानांतच चालवायचा; खरे पैसे हवे असतील तर छावणीच्या कचेरीतच बदलून मिळतील; नक्कल केली तर शिक्षा. बँकेत राहिलेल्या माणसाला हे वाचून हसू येतं आणि अंगावर काटाही येतो. आपल्या नोटेवर गव्हर्नर वचन देतो. इथे नोटेवरच दम भरलाय.

हेतू उघड आहे. कैद्याच्या खिशात खरा पैसा आला तर तो पहारेकऱ्याला चारेल, पळून गेल्यावर रेल्वेचं तिकीट काढेल. पण मजुरी तर द्यायला हवी. १९२९ च्या जिनिव्हा करारात तसं लिहिलंय. छावणीच्या स्वतःच्या साफसफाई-देखभालीचं काम फुकट, पण बाहेरच्या कामाला मजुरी. मग काढायचा असा पैसा, जो कुंपणाच्या आत पैसा आणि बाहेर रद्दी. आजोबा शिपाईगड्यातले, म्हणजे ‘श्टालाग’मधले; अधिकाऱ्यांसाठी वेगळ्या ‘ओफलाग’. तेव्हा ते ५० फेनिग त्यांना हात चालवल्याशिवाय मिळाले नसणार. कसलं काम, खडी फोडायची की बटाटे काढायचे, ते ट्रंकेत नव्हतं.

शिक्क्याचं बघा. भिंगाखाली ‘श्टालाग’ हा शब्द लागतो आणि पुढे रोमन चार. त्यापुढचं पुसलंय. हा रोमन आकडा म्हणजे लष्करी विभागाचा क्रमांक, आपल्या पिनकोडच्या पहिल्या आकड्यासारखा. चार म्हणजे ड्रेसडेनचा विभाग. त्याच विभागात अ‍ॅनाबर्ग, जिथे हिंदी कैद्यांना ठेवलं होतं. टोब्रुकचे आपले बरेच लोक आधी इटलीत नेले, आब्रुझ्झी डोंगरातल्या अव्हेझ्झानोच्या ९१ नंबरच्या छावणीत हिंदी कैदीच होते. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने हत्यार टाकल्यावर जर्मनांनी सापडतील ते उचलून उत्तरेला नेले. काही फ्रान्समधल्या एपिनालला गेले; तिथे ११ मे १९४४ ला अमेरिकन विमानांनी बाँब टाकले, भिंती पडल्या आणि पाचेकशे हिंदी कैदी पायी स्वित्झर्लंडला पोचले. आजोबा त्यांत नव्हते, ते १९४५ ला परतले. दोन आणि दोन चार करायचा मोह होतो. माझ्या वहीत ‘अ‍ॅनाबर्ग?’ असं पेन्सिलीने लिहिलंय. पेनाने लिहिलेलं नाही.

आता मालाबद्दल.

डब्यात माल चांगला असतो. पहिल्या महायुद्धातल्या जर्मन छावण्यांच्या नोटांचे ढीग आहेत, सहाशे-सातशेपासून पुढे. तेव्हा एक नमुना नव्हता. प्रत्येक छावणीने गावातल्या छापखान्यातून स्वतःच्या छापून घेतल्या, त्यामुळे कागद वेगळे, टाइप वेगळे, कुठे रंगीत नक्षी तर कुठे लग्नपत्रिकेइतकीही मेहनत नाही. डोबेरित्झ, म्युन्स्टर, गीसेन, लिंबुर्ग अशी नावं वाचत बसावं. मला हव्यात त्या बर्लिनजवळच्या झोसेन-वुन्सडॉर्फच्या, कारण तिथल्या ‘हाल्बमोंडलागर’मध्ये, म्हणजे अर्धचंद्र छावणीत, आपले शिपाई होते. त्यांच्यासाठी १९१५ मध्ये लाकडी मशीद बांधली होती, आणि जर्मन प्राध्यापकांनी त्यांचे आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवले, ते बर्लिनला अजून आहेत. झोसेनचं या डब्यात चार वर्षांत काही आलं नाही. मालक म्हणतो येईल. त्याच्या ‘येईल’बद्दल पुढे लिहिते.

किंमती वाजवी. त्याने मला १ राइश्समार्कची नोट चौदाशेला दिली. मुंबईत तीच मला बावीसशेला सांगितली होती. घासाघीस करतो, पण दुसऱ्यांदा. पहिल्या खेपेला भाव उतरवत नाही, दुसऱ्या खेपेला तुम्ही न विचारता उतरवतो. दर्जा मात्र स्वतः बघून घ्या. त्याच्या तोंडी एकच शब्द, “एकदम कडक”. मळकी, तेलकट, कोपरा उडालेली, सगळी कडकच. एकदा एक नोट त्याने फार कौतुकाने काढली, पांढरीशुभ्र. मी कानाशी धरून हलवली. कोऱ्या कागदाला आवाज असतो, वापरून जुन्या झालेल्याला वेगळा असतो, आणि धुऊन इस्त्री केलेली नोट मुकी असते. ही मुकी होती. मी म्हटलं, “आंघोळ घातलीय हिला कुणीतरी.” त्याने मुकाट्याने डब्यातून काढून ठेवली. विकणाऱ्याने त्यालाही फसवलं असणार. पण एवढी वर्षं धंद्यात राहून कागद कानाने ऐकायची सवय नसावी, याचं नवल वाटलं.

आणि मुख्य तक्रार. चिठ्ठ्या.

कॅम्प मनीत नोटेचा कागद दोन रुपयांचा. बाकी सगळी किंमत ही कुठली, कुणाची, कधीची यात असते. म्हणजे माल म्हणजे चिठ्ठीच. आणि हा बाबा प्रत्येक पाकिटावर जी चिठ्ठी चिकटवतो ती विकणाऱ्याने फोनवर सांगितलं तशी.

सोप्यापासून सांगते. ‘आझाद हिंद नोट, बर्मा’ असं लिहून त्याने पाच रुपयांची जपानी नोट ठेवली होती. तिच्यावर ठसठशीत बी अक्षर. ती जपान्यांनी ब्रह्मदेश घेतल्यावर तिथे चालवलेली नोट. मलायातल्यावर एम असतं. आझाद हिंदशी तिचा संबंध एवढाच की दोघं एकाच मुलखात होते. तसंच ‘पोर्तुगीज कैद्यांचे पैसे, गोवा’. ती साधी गोव्याची नोट, बांकू नासियोनाल उल्त्रामारीनू या पोर्तुगीज बँकेची, बाजारात मासळी घ्यायची. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा घेणारी सतरावी डिव्हिजन आपल्या बेळगावातूनच निघाली, आणि तीन हजारांवर पोर्तुगीज सैनिक मे १९६२ पर्यंत वास्को, फोंडा, आग्वाद इथल्या छावण्यांत होते, हे खरं. वडील सांगायचे, त्या डिसेंबरात रात्रभर गाड्यांच्या आवाजाने झोप नव्हती. म्हणून गोव्याची हरएक नोट कैद्याची होत नाही.

हे दोन्ही मी हसण्यावारी नेलं असतं. तिसऱ्याला हसता आलं नाही.

पाकिटावर लिहिलं होतं, ‘जर्मन पीओडब्ल्यू, १० क्रोनन, सुंदर’. पीओडब्ल्यू म्हणजे युद्धकैदी. बाहेर काढली तर दाढीवाला म्हातारा, हातात दगडी पाट्या. ज्यूंचा प्रेषित मोझेस. खाली तारीख १ जानेवारी १९४३. ही थेरेझिएनश्टाट या नाझींच्या छावणीची नोट. युद्धकैद्यांची नव्हेच, तिथे ज्यू कोंडले होते, म्हातारी माणसं, बायका, लेकरं. नोटेवर नोट असंही म्हटलेलं नाही, ‘क्विटुंग’ म्हणजे पावती म्हटलंय. सही याकोब एडेलश्टाइनची, जो तिथल्या ज्यूंचा प्रमुख म्हणून नेमलेला होता; चित्र काढलं पेटर कीन या तिथल्याच कैदी चित्रकाराने. दोघांचाही शेवट १९४४ मध्ये आउश्वित्झच्या मृत्युछावणीत झाला. या पैशाला विकत घेण्यासारखं जवळपास काही नव्हतं. तो दाखवायचा पैसा होता. २३ जून १९४४ ला रेडक्रॉसचे लोक पाहायला आले तेव्हा तिथे बँक होती, दुकान होतं, बागेत बाकं होती, सगळं रंगवून ठेवलेलं.

मी मालकाला हे स्टुलावर बसून सांगितलं. तो ऐकत होता, मग म्हणाला, “पण अक्का, लोक सुंदर आहे म्हणून घेतात की.” सुंदर आहेच. म्हणूनच चिठ्ठी नीट हवी. मी ती नोट घेतली नाही. पण त्याच्याकडून कोरी चिठ्ठी मागून घेतली आणि पाच ओळी लिहून दिल्या. पुढच्या महिन्यात बघते तर माझी चिठ्ठी पाकिटावर आणि किंमत दोनशेने वाढलेली.

ऑर्डर देऊन माल मागवायचा असेल तर सांभाळून. मला भारतातल्या छावणीचं एक तरी कूपन हवं होतं. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी आफ्रिकेत पकडलेले इटालियन हजारोंनी इकडे आणले : देवळाली, भोपाळजवळचं बैरागड, डेहराडून, बेंगळूरु, आणि अधिकारी हिमालयाच्या पायथ्याला योलला. म्हणजे आजोबा इटालियनांच्या ताब्यात आणि इटालियन नाशिकच्या उन्हात. त्यांची कुपनं आण्यांत आणि रुपयांत होती. बेंगळूरुला रेझवान रझ्झाक यांचं कागदी चलनाचं म्युझियम आहे, तिथे मी अशी कुपनं काचेआडून बघून आले होते. अगदी साधी, वाण्याच्या पावतीसारखी.

तीन हजार आगाऊ दिले. तीन महिन्यांनी फोन, “आलंय.” गेले. पाकिटातून निघाला पुठ्ठ्याचा बोटभर तुकडा, वर संस्थानिकाची मुद्रा, किंमत एक पैसा. हे कॅश कूपन. दुसऱ्या महायुद्धात तांबं-निकेल लढाईकडे वळलं, सुट्ट्या नाण्यांची बोंब झाली, तेव्हा काठियावाड-राजपुतान्यातल्या संस्थानांनी असे तुकडे छापून बाजार चालू ठेवला. वस्तू छानच आहे. पण मी मागितलेली नव्हे.

“युद्धातलंच आहे की,” तो म्हणाला.

“युद्धातलं आहे. कैद्याचं नाही.”

वाद झाला, आवाज चढले, शेजारचा टेलर सुईदोरा हातात घेऊन डोकावून गेला. पैसे शेवटी मिळाले, दोन आठवड्यांनी, अर्धे रोख आणि अर्धे मालात वळते. बँकेत असते तर मी असला हिशोब पास केला नसता. पण मिळाले.

प्लास्टिकबद्दल थोडक्यात. त्याची पाकिटं स्वस्त मऊ पीव्हीसीची. उघडली की नव्या पावसाळी चपलेसारखा वास येतो. तो वास म्हणजेच नुकसान. ते प्लास्टिक वर्षा-दोन वर्षांत चिकट होतं, शाई उचलतं, नाण्यांवर हिरवा थर चढवतं. त्यात आपला पाऊस. खानापूरच्या बाजूला जूनपासून चार महिने कपड्यांना बुरशी येते, तिथे ऐंशी वर्षांच्या कागदाचं काय होणार. घेतलेला माल घरी नेल्या नेल्या मायलरच्या, म्हणजे पॉलिएस्टरच्या, कडक पाकिटात घाला. गोदरेजच्या कपाटात सिलिका जेल ठेवा आणि पावसाळ्यात महिन्याला बदला. लॅमिनेट तर चुकूनही करू नका. एक जण शिवाजी महाराजांच्या फोटोसारखी लॅमिनेट केलेली नोट घेऊन विकायला आला होता. मालकाने ती नुसती हातात घेतली आणि परत दिली, बोलला काहीच नाही.

मग तिथे जायचंच कशाला, असं विचाराल. तर बसायला. मुंबई-पुण्याच्या लिलावात नोट काचेतून दिसते, इथे मांडीवर घेता येते. भिंतीवर एका फ्रेममध्ये ऑस्ट्रेलियातल्या ‘हे’ नावाच्या गावातल्या छावणीच्या नोटेची रंगीत प्रत आहे. मूळ परवडणारी नाही, आणि तो प्रत म्हणूनच दाखवतो, लपवत नाही. १९४१ ची. इंग्लंडने शत्रू समजून जहाजात कोंबून पाठवलेल्या जर्मन-ऑस्ट्रियन निर्वासितांची ती छावणी. त्यातले बहुतेक हिटलरपासून पळालेले ज्यू. त्यांच्यातल्याच व्हिएन्नाच्या गेऑर्ग टेल्चर या चित्रकाराने नोट काढली आणि गावच्या वर्तमानपत्राच्या छापखान्याने छापली. सहा पेन्स, एक शिलिंग, दोन शिलिंग. कडेने काटेरी तारेची नक्षी. पहिल्यांदा गेले तेव्हा मी ती नक्षीच समजले. मालक म्हणाला, “तार वाचा.” भिंग लावलं तर तारेच्या वळणावळणांत इंग्रजी अक्षरं : आम्ही इथे आहोत कारण आम्ही इथे आहोत कारण आम्ही इथे आहोत... चारी बाजूंनी तेच. मेंढ्यांच्या लोकरीतही छावणीतल्या लोकांची नावं दडवलीत. एक मेंढी शोधायला मला वीस मिनिटं लागली, आणि तेवढ्या वेळात तीन गिऱ्हाइकं राणीछाप रुपये घेऊन गेली.

गप्पाही चांगल्या होतात. एकदा मी त्याला रॅडफर्डबद्दल सांगितलं. हा इंग्रज अर्थशास्त्री स्वतः इटली-जर्मनीत कैदेत होता आणि सुटल्यावर १९४५ मध्ये त्याने छावणीतल्या बाजाराबद्दल लिहिलं. छावणीचा कागदी पैसा नावाला, खरा व्यवहार रेडक्रॉसच्या पार्सलमधल्या सिगारेटींत. चांगल्या सिगारेटी लोक ओढायचे आणि हलक्या बाजारात फिरवायचे. खोटा पैसा खऱ्याला हाकलतो हे आम्ही पाठ केलेलं, तिथे धुरात दिसत होतं. त्यात एक माणूस उर्दू येत होती एवढ्या भांडवलावर शीख कैद्यांकडून मांसाचे डबे घ्यायचा आणि बदल्यात लोणी-जॅम द्यायचा. मालक एकदम खूश. म्हणाला, “म्हणजे बेळगावचाच व्यापार की हा. दोन भाषा येणाऱ्याचं पोट भरतं.” त्याला कानडी, मराठी, कोकणी, उर्दू चारही येतात.

आता ते ‘येईल’. पहिल्या महायुद्धात खुद्द बेळगावात अशी छावणी होती. हिंदुस्थानात राहणाऱ्या जर्मन-ऑस्ट्रियन लोकांना इंग्रजांनी कैद केलं. पुरुष अहमदनगरला, आणि बायकामुलं, कुटुंबं इकडे. १९१७ मध्ये जिनिव्हाच्या रेडक्रॉसचे लोक अहमदनगर, बळ्ळारीबरोबर इथेही पाहणीला आले होते. माझं सगळं आयुष्य टिळकवाडीत गेलं आणि हे मला साठीत कळलं. कॅम्पातल्या जुन्या बंगल्यांमधून मी दोनदा फिरून आले, कुठे पाटी नाही. मालक म्हणतो, त्या छावणीचं कूपन गोव्यातल्या एका घरी आहे, आपल्याकडे येणार आहे. हे तो मला तीन वर्षं सांगतोय. प्रत्येक वेळी किंमत वाढते. गेल्या खेपेला अठरा हजारांवर गेली होती. असलं कूपन कधी छापलं होतं का, याचीच मला शंका आहे. पण त्याने डबा काढला की मी आधी तेच विचारते.

वेळ सकाळी अकरा ते दीड आणि साडेचार ते आठ. सोमवारी बंद. गाडी नेऊ नका, त्या बोळात रिक्षासुद्धा उलटी येते. चहाला नाही म्हणू नका. आणि सुट्टे पैसे घेऊन जा. दोन कपाटं नाण्यांची भरलेली, पण गल्ल्यात सुट्टे कधी नसतात. परवा तीस रुपये परत द्यायचे होते, तर बिलाच्या मागे ‘अक्कांना ३० रु. देणे, फक्त याच दुकानात चालेल’ असं लिहून, सही करून, वर दुकानाचा गोल जांभळा शिक्का मारून दिला. ती चिठ्ठी मी मोडलेली नाही. मायलरच्या पाकिटात घालून ठेवलीय.